सोडचिठ्ठीचे दफ्तर

विवाहविच्छेदाला मराठी भाषेने जी जुनी नावे दिली आहेत, त्यांपैकी दोहोंत कागद आहे. सोडचिठ्ठीत चिठ्ठी आहे आणि फारखतीत खत आहे. तिसरा शब्द काडीमोड. त्यात कागद नसला तरी साक्ष आहे, कारण पंचांसमोर गवताची काडी मोडून नवराबायको वेगळी झाली हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, ते पंच त्याच पंचक्रोशीत हयात असत आणि पुढे त्या बाईचा पाट लावावयाची वेळ आली म्हणजे आपल्या तोंडाने तशी ग्वाही देत. संसार मोडला एवढ्याने मनुष्य मोकळा होत नाही, तो मोडल्याचे सांगणारा कोणीतरी असावा लागतो, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना पुरती ठाऊक होती.

गेल्या दोन-तीन पिढ्यांत असंख्य मराठी कुटुंबांतील मुले-मुली अमेरिकेत जाऊन स्थायिक झाली. त्यांचे संसार तेथे मांडले गेले आणि काही दुर्दैवाने तेथेच मोडले. पुढे त्यांपैकी कोणी पुण्यास किंवा कोल्हापुरास येऊन पुन्हा विवाह करू लागला, अथवा दुसऱ्या पतीबरोबर अमेरिकेत राहण्याचा परवाना मागू लागला, की पहिला विवाह कायद्याने संपल्याचा पुरावा मागितला जातो. आणि मग घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो, की हा पुरावा नेमका कोणत्या गावच्या कोणत्या कचेरीत पडून आहे आणि तो कोणाकडे मागावा.

हा प्रश्न केवढा गंभीर होऊ शकतो, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली निकालात काढलेल्या एका खटल्यावरून समजेल. तिरुपती येथे १९७५ साली हिंदू पद्धतीने विवाह झालेल्या एका गृहस्थाने १९८० साली अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या सेंट लुईस काउंटीतील सर्किट न्यायालयाकडून घटस्फोटाचा हुकूमनामा मिळविला आणि पुढल्या वर्षी भारतात दुसरा विवाह केला. पहिल्या पत्नीने द्विभार्याप्रतिबंधाखाली फिर्याद केली, तेव्हा त्याने मिसूरीच्या हुकूमनाम्याची छायाप्रत पुढे केली. दंडाधिकाऱ्यांनी त्याला मुक्त केले, परंतु अशी छायाप्रत पुराव्यात घेता येत नाही, असे म्हणून उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा तेथील न्यायमूर्तींनी सांगितले, की कागद छायाप्रत आहे एवढ्यावरून तो त्याज्य ठरत नाही. परंतु परदेशी न्यायालयाच्या दफ्तरातील नक्कल १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ८६ व्या कलमाप्रमाणे केंद्र सरकारच्या प्रतिनिधीमार्फत ज्या रीतीने प्रमाणित व्हावयास हवी, त्या रीतीने ती झालेली नाही, म्हणून ती ग्राह्य नाही. या निकालाचा उत्तरार्ध याहूनही महत्त्वाचा आहे. त्याकडे आपण शेवटी येऊ. तूर्त एवढेच ध्यानात घ्यावे, की दफ्तरातून कागद कसा बाहेर आला यावर एका माणसाचे आरोपी असणे वा नसणे अवलंबून राहिले.

अमेरिकेत घटस्फोटांची राष्ट्रीय नोंदवही नाही. विवाह आणि विवाहविच्छेद हे विषय तेथे राज्यांच्या अखत्यारीतले. घटस्फोट देणे हे संघराज्याच्या न्यायालयांचे काम नव्हे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८५९ सालीच सांगून ठेवले आहे. राज्यांची वाटणी काउंट्यांत झालेली असून अशा काउंट्या देशभर तीन हजारांहून अधिक आहेत. एकट्या टेक्सासमध्ये २५४ आणि कॅलिफोर्नियात ५८. ज्या काउंटीच्या न्यायालयात दावा चालला, त्याच काउंटीच्या दफ्तरात त्याचे मूळ कागद राहतात. अमेरिकेच्या श्रमखात्याने १८८९ साली मागील वीस वर्षांतील घटस्फोटांचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा ३,२८,७१६ हा आकडा काउंटी-काउंटीच्या न्यायालयांतील नोंदी मोजूनच हाती आला होता. आणि आज संगणकाच्या काळातही एका माणसाची एक नोंद शोधणाऱ्याला त्याच वाटेने जावे लागते.

म्हणून शोधाची पहिली पायरी काउंटीचे नाव ही होय. ही काउंटी विवाह झाला ती नव्हे, अथवा आज ती व्यक्ती राहते तीही नव्हे, तर दावा दाखल झाला ती. ती ओळखण्याची खूण अशी, की बहुतेक राज्यांत दावा लावणाऱ्याने किंवा त्याच्या जोडीदाराने आधी तेथे ठराविक मुदत वास्तव्य केलेले असावे लागते. कॅलिफोर्नियात ही मुदत राज्यात सहा महिने व काउंटीत तीन महिने आहे, टेक्सासमध्ये राज्यात सहा महिने व काउंटीत ९० दिवस, तर नेव्हाडाने ती १९३१ साली सहा आठवड्यांवर आणली, म्हणून त्या काळी साऱ्या देशातून लोक रीनो शहरी येऊन तेवढे दिवस राहत आणि मोकळे होऊन परत जात. तेव्हा जुनी पत्रे, घरभाड्याचे करार, नोकरीचे कागद काढून दाव्याच्या वर्षी दोघांपैकी कोण कोठे राहत होते हे आधी निश्चित करावे. यात काटेकोरपणा हवा, कारण सेंट लुईस हे शहर १८७६ पासून सेंट लुईस काउंटीपासून अलग असून दोहोंची न्यायालये निराळी व दफ्तरेही निराळी आहेत; शहराच्या कचेरीत अर्ज करून काउंटीतला कागद मिळावयाचा नाही.

दुसरी पायरी न्यायालयाची. घटस्फोटाचे दावे चालविणाऱ्या न्यायालयाला कॅलिफोर्निया व न्यू जर्सीत सुपीरियर कोर्ट म्हणतात, टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट कोर्ट, मिसूरी व इलिनॉयमध्ये सर्किट कोर्ट आणि पेनसिल्व्हेनियात कोर्ट ऑफ कॉमन प्लीज. न्यू यॉर्कमध्ये हेच काम सुप्रीम कोर्ट करते. त्या नावाने आपल्याकडील वाचकाने बिचकू नये, कारण तेथे ते पहिल्या पायरीचे न्यायालय असून त्याची दफ्तरे काउंटी क्लार्क सांभाळतो. उलट टेक्सासमध्ये काउंटी क्लार्ककडे विवाहाचे परवाने असतात आणि घटस्फोटाचे दफ्तर डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. अर्ज चुकीच्या कारकुनाच्या मेजावर पडला, तर कित्येक आठवडे फुकट जातात.

तिसरी पायरी नावाची, आणि येथे मराठी माणसाची विशेष अडचण होते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे. अमेरिकन कचेरीत मधले पद कधी गळते, कधी आडनावाच्या जागी जाऊन बसते. कुलकर्णी, क्षीरसागर, वैद्य ही आडनावे रोमन लिपीत चार जण चार प्रकारांनी लिहितात. स्त्रियांच्या बाबतीत तर माहेरचे आडनाव निराळे, सासरचे निराळे, आणि क्वचित लग्नात पाळण्यातले नावही बदललेले असते. म्हणून पारपत्रावर त्या काळी जे नाव होते ते प्रथम आणि त्याचे सर्व संभाव्य पर्याय मागाहून, असे दोन्ही पक्षांच्या नावांनी अनुक्रमणिका धुंडाळावी. पुष्कळ काउंट्यांची अनुक्रमणिका आता संगणकावर घरबसल्या पाहता येते; तीत दावा क्रमांक आणि आपल्याकडील रोजनाम्यासारखी तारीखवार नोंद मिळते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९७० पासून घटस्फोट या शब्दाऐवजी ‘डिसोल्यूशन ऑफ मॅरेज’ ही संज्ञा कायद्यात आली आहे, तेव्हा तेथे शोध त्या सदराखाली घ्यावा. दावा क्रमांक एकदा हाती लागला, की निम्मे काम झाले असे समजावे.

आता कागद कोणता मागावयाचा, याविषयी. काही राज्यांचे आरोग्यखाते घटस्फोटाची संक्षिप्त नोंद ठेवते आणि तिचा दाखला देते. न्यू यॉर्कचा असा दाखला १९६३ पासूनच्या घटस्फोटांचा मिळतो. टेक्सासमध्ये १९६८ पासूनच्या नोंदींवरून फक्त पडताळणीचे पत्र मिळते. कॅलिफोर्नियाच्या खात्याजवळ तर १९६२ पासून जून १९८४ पर्यंतच्याच नोंदी आहेत. अमुक दोघे अमुक काउंटीत अमुक दिवशी विभक्त झाले, एवढेच हे दाखले सांगतात. काउंटी विसरली असेल तर ती शोधून काढण्यास त्यांचा उपयोग मोठा, परंतु ते हुकूमनाम्याची जागा घेऊ शकत नाहीत. हुकूमनामा न्यायालयाच्याच दफ्तरातून घ्यावा लागतो.

त्याच्याही नकला तीन प्रकारच्या. साधी नक्कल माहितीपुरती. कॅलिफोर्नियात तिला पानामागे ५० सेंट पडतात. दुसरी प्रमाणित नक्कल, जिच्यावर ती मुळाबरहुकूम असल्याचा शेरा, क्लार्कची सही आणि न्यायालयाची मोहोर असते; पुनर्विवाह, परवाना, पारपत्रावरील नावबदल या कामांना सामान्यतः हीच लागते. तिसऱ्या प्रकारात क्लार्क नकलेची ग्वाही देतो, न्यायाधीश त्या क्लार्कच्या अधिकाराची आणि पुन्हा क्लार्क त्या न्यायाधीशाच्या अधिकाराची. परमुलखात कागद दाखवावयाचा असेल तर ही नक्कल विशेष उपयोगी पडते. जुन्या प्रकरणांत कधी आधी तात्पुरता आणि मग अंतिम असे दोन हुकूमनामे आढळतात. तेथे अंतिमच मागावा.

कागद भारतात वापरावयाचा असल्यास त्यावर ज्या राज्याचे न्यायालय, त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीतून ‘अपॉस्टिल’ हा शिक्का घ्यावा. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग येथील करारान्वये चालणारी ही पद्धत भारताच्या बाबतीत १४ जुलै २००५ पासून अमलात आहे. न्यायालयात पुरावा म्हणून तो दाखल करावयाचा असेल, तर तेवढ्याने भागेल की भारतीय वकिलातीचेही प्रमाणन घ्यावे, हे येथील वकिलाला आधी विचारावे. १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असली, तरी परदेशी दफ्तरातील नकलेची पारख करण्याची आवश्यकता संपलेली नाही.

अर्ज टपालानेही करता येतो. त्यात दोन्ही पक्षांची नावे, दावा क्रमांक किंवा निदान हुकूमनाम्याचे अदमासे वर्ष, कोणता कागद व कोणत्या प्रकारची नक्कल हवी तो तपशील आणि परतीचा पत्ता द्यावा. सोबत त्या कचेरीने ठरविलेली फी आणि, मागितल्यास, अर्जदाराच्या ओळखपत्राची प्रत जोडावी. फार जुने दफ्तर न्यायालयाच्या इमारतीत नसून दूरच्या कोठारात, सूक्ष्मपटावर किंवा राज्याच्या अभिलेखागारात असते, तेव्हा थोडा धीर धरावा लागतो. बहुतेक राज्यांत ही दफ्तरे मागेल त्याला पाहावयास मिळतात. अपवाद न्यू यॉर्कचा, जेथे वैवाहिक दाव्याचे कागद शंभर वर्षांपर्यंत पक्षकार आणि त्यांचे वकील यांखेरीज इतरांस सामान्यतः खुले होत नाहीत. परंतु कायद्याने जे पाहता येते ते सारे पाहावेच असे नाही. दोन माणसांच्या आयुष्यातील अत्यंत दुःखाचे दिवस त्या कागदांत बंद आहेत. नात्यातल्या कोणाच्या केवळ कुतूहलासाठी ते उघडणे सभ्यपणाला धरून होणार नाही.

आता त्या निकालाच्या उत्तरार्धाकडे वळू. न्यायमूर्ती नकलेच्या दोषाशी थांबले नाहीत. ती नक्कल निर्दोष असती तरी तो हुकूमनामा भारतात टिकला नसता, असे त्यांच्या विवेचनातून दिसते. कारण विवाह ज्या कायद्याखाली झाला त्या हिंदू विवाह कायद्यात मिसूरीच्या न्यायालयाने मान्य केलेले कारण नव्हते, आणि पतीने ९० दिवसांच्या वास्तव्याची अट पाळली ती केवळ घटस्फोट मिळविण्यापुरती. पत्नीला नोटीस पोहोचली एवढेच पुरेसे नाही. तिने त्या न्यायालयाचा अधिकार आपखुशीने मानला होता का, तेथे आपली बाजू मांडण्याची खरी संधी तिला होती का, अथवा तिने घटस्फोटाला संमती दिली होती का, हे पाहिले पाहिजे, असे त्यांनी बजावले. परदेशी निवाडा केव्हा मानावा हे सांगणाऱ्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३ व्या कलमाचा वैवाहिक दाव्यांपुरता अर्थ या निकालाने असा स्पष्ट केला.

यातून नक्कल मागणाऱ्याने घ्यावयाचा धडा असा, की हुकूमनाम्याचे एक पान मागून थांबू नये. मूळ अर्ज, समन्स बजावल्याचा पुरावा, समोरच्या पक्षाचे उत्तर किंवा संमतिपत्र आणि रोजनाम्याची नोंद, इतके कागद त्याच वेळी प्रमाणित करून घ्यावेत; कारण विवाह संपला हे हुकूमनामा सांगतो, पण संपविताना दुसऱ्याचे ऐकून घेतले होते की नाही, हे त्याच्या मागचे कागद सांगतात. आणि ज्याचा निकाल नुकताच लागला आहे, त्याने त्याच आठवड्यात या नकलांचे दोन संच घेऊन एक भारतातल्या घरी पाठवून द्यावा.

हे सर्व लिहिताना डोळ्यांसमोर आहे ती मात्र निराळीच व्यक्ती. जिचा नवरा परदेशी गेला, जिच्या सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या पत्त्यावर एके दिवशी इंग्रजी मजकुराचा जाड लिफाफा आला, आणि पुढे आपला घटस्फोट झाल्याचे जिने कोणाच्या तरी तोंडून ऐकले, त्या बाईला बहुधा असे वाटते, की ते दूरचे दफ्तर तिच्या नवऱ्याचे आहे. ते तितकेच तिचेही आहे. दाव्यातील पक्षकार या नात्याने ती स्वतः क्लार्कला पत्र लिहून साऱ्या कागदांच्या प्रमाणित नकला मागू शकते, न्यू यॉर्कच्या मोहोरबंद दफ्तरातूनसुद्धा. त्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही. आपल्याला कधी, कोठे आणि कशी नोटीस बजावल्याचे तेथे लिहिले आहे, हे तिला त्यातूनच कळेल आणि पुढे काय करावयाचे ते वकिलाच्या सल्ल्याने ठरविता येईल. म्हणून असा लिफाफा कोणाच्या घरी आला तर तो रागाच्या भरात फाडू नये. त्यातील समन्सच्या पहिल्या पानाच्या माथ्यावर न्यायालयाचे नाव, काउंटीचे नाव आणि दावा क्रमांक छापलेला असतो. ते पान लग्नपत्रिकेइतकेच जपून ठेवावे.