काट्याचाही काटा

नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते, ती पथारीवर पसरण्याआधी काट्यावर चढते. काटा खरा तर शेतकऱ्याचा दाम खरा. म्हणून त्या काट्याची सरकारी तपासणी होते, त्यावर शिक्का बसतो. काटा दुरुस्त केला की पुन्हा तपासणी आलीच, मग दुरुस्त करणारा कितीही भला माणूस असो. आज ज्या काट्याविषयी बोलायचे आहे तो डोळ्यांना दिसत नाही. पण पुष्कळांच्या खिशातल्या फोनमध्ये तो असतो.

अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा आरंभ केला. त्याच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. यंत्राचा मेंदू कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा, कोणाची माहिती कोणी पाहायची, हे सारे कर्नेल ठरवते. गावच्या पाटाचे पाणी कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचे हे पाटकरी ठरवतो ना, तसेच हे. आणि पाणी कुठे मुरते हे पाहायला २००९ साली कर्नेलमध्ये ‘पर्फ’ नावाची मोजणीची सोय आली. यंत्राने किती सूचना पार पाडल्या, जवळच्या स्मरणात माहिती न सापडल्यामुळे किती वेळा दूर धाव घ्यावी लागली, याची नोंद ती ठेवते. फोन अडखळतो कशाने, हे शोधणाऱ्याला असल्या आकड्यांचाच आधार.

आता या मोजणीत कोणाला बदल सुचवायचा असेल तर तो काय करतो? तो पॅच पाठवतो. पॅच म्हणजे ठिगळच म्हणा ना! कोणत्या ओळी काढल्या, कोणत्या घातल्या आणि का, हे त्यात लिहिलेले असते. खाली स्वतःची सही. मग दुसरे जाणकार ओळीओळीने वाचतात, हरकती काढतात, करून पाहतात. ज्याने तपासले त्याचेही नाव त्या बदलाखाली कायमचे राहते. ही पद्धत मला फार आवडते, कारण तपासनिसालाही त्यात लपायला जागा नाही.

हरकती तरी कसल्या? मोजण्यामुळेच काम मंदावते का? विजेच्या जुन्या मीटरचे आकडे भरले की पुन्हा शून्यावर येत. तसा यंत्रातला मोजका फिरला तर हिशेब चुकेल का? एकाच्या कामाची मोजणी करताना दुसऱ्याचे गुपित तर बाहेर पडत नाही ना? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वेडावाकडा आकडा कोणी मुद्दाम दिला तर काय होईल?

हा शेवटचा प्रश्न एकदा विचारायचा राहून गेला, त्याची हकीकत ऐका. आपल्या शहादे तालुक्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले. त्याच वर्षी पर्फमध्ये एक बदल झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही बरे का, काळ ध्यानात राहावा एवढ्यापुरते सांगितले. तो बदल जानेवारी २०११ च्या २.६.३७ या आवृत्तीतून जगभर गेला.

चूक अशी होती. शाळेच्या हजेरीपटात चाळीस नावे आहेत असे समजा. लेखनिकाला सांगून ठेवले आहे की, चाळिसाच्या वरचा क्रमांक कोणी मागितला तर परत पाठव. एकाने येऊन मागितला ‘उणे पाच’. उणे पाच काही चाळिसाच्या वर नाही! लेखनिकाने यादीच्या पाच ओळी वर जाऊन खूण केली, आणि तिथे होता मुख्याध्यापकांचा हुकूम. यंत्रातही असेच झाले. चौसष्ट घरांची संख्या बत्तीस घरांच्या डब्यात ओतली गेली. वरची अर्धी घरे गळाली, आणि उरलेल्यांतले पहिले घर वजाबाकीचे चिन्ह म्हणून वाचले गेले. परिणाम हा की, साधा वापरणारा कर्नेलच्या स्मरणात नको तिथे हात घालू शके, आणि युक्तीने साऱ्या यंत्राचा मालक होऊ शके.

दोन वर्षांवर ही चूक तशीच राहिली. ती शेवटी सापडली ट्रिनिटी नावाच्या प्रोग्रामामुळे. कर्नेलला उलटसुलट, निरर्थक आकडे देत राहणे हेच त्याचे काम. खोडकर पोरगा मास्तरांना भलते प्रश्न विचारतो ना, तसे. टॉमी रँटाला यांनी एप्रिल २०१३ मध्ये दुरुस्ती पाठवली. ती केवढी? एका ओळीत एक शब्द बदलला. ‘इंट’च्या जागी ‘यू-चौसष्ट’, म्हणजे लहान डब्याच्या जागी मोठा, वजाचे चिन्ह न मानणारा.

पण दुरुस्ती झाली तरी तिच्या मागे केवढा धोका होता हे तेव्हा सर्वांना उमगले नव्हते. मे महिन्यात त्या भोकातून आत शिरण्याची तयार किल्लीच उघड्यावर आली. मग ती फोनसाठीही घडवली गेली. संगणकवाल्यांनी घाईघाईने नवी आवृत्ती बसवली. फोनचे तसे नाही. कंपनी नवी आवृत्ती पाठवील तेव्हा ती मिळायची, आणि जुन्या फोनांना पुष्कळदा ती मिळतच नाही. २०१६ साली अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीत ही मोजणी सामान्य ॲपना मुळातच बंद करण्यात आली. ज्याला फोन तपासायचा असेल त्याने ती मुद्दाम चालू करून घ्यायची.