ड्रायव्हरची मेमरी: घाई सुरू होण्याआधीच

कारखान्याच्या पट्ट्यावरून सरकणारी प्रत्येक वस्तू तपासणारा कॅमेरा घेऊ. १९२० बाय १०८० पिक्सेल आणि प्रत्येकाला ३ बाइट म्हणजे एका चित्राला ६२,२०,८०० बाइट. सेकंदाला ६० चित्रं येत असतील, तर एका चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात.

कॅमेऱ्याचं हार्डवेअर हे चित्र प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत उतरवतं. यालाच डीएमए म्हणतात. लिनक्समध्ये मेमरीची वाटणी सहसा ४ केबीच्या पेजमध्ये होते. प्रोग्रामला जी जागा सलग दिसते, तिची पेजं प्रत्यक्षात कुठेही विखुरलेली असतात. पत्ते जुळवून देणारा एमएमयू असल्यामुळे प्रोसेसरचं काही अडत नाही. साध्या कॅमेरा-कंट्रोलरकडे मात्र अशी सोय नसते. त्याला सुरुवातीचा पत्ता द्यायचा, की तिथून पुढे तो लिहीत सुटतो. म्हणून आपल्या चित्राला १,५१९ पेजं खरोखरच शेजारीशेजारी हवीत.

कर्नलची नेहमीची वाटपव्यवस्था एका मागणीला सहसा जास्तीत जास्त ४ एमबी सलग देते. म्हणजे आपलं चित्र मुळात तिच्या हिशेबातच बसत नाही. लहान मागणीचीही खात्री नाही: यंत्र बराच वेळ चालल्यावर मोकळी पेजं भरपूर उरतात, पण विखुरलेली. अशा वेळी कर्नल इतरांची पेजं हलवून, काढून घेऊन जागा करू पाहतं, आणि त्याला किती वेळ लागेल याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. ‘थांबू नकोस’ असं सांगून मागावं, तर सरळ नकार येऊ शकतो. रिअल-टाइम कामात दोन्ही सारखंच घातक.

म्हणून मेमरी अजून कोरी असताना, बूट होतानाच, जागा राखून ठेवतात. एआरएम बोर्डावर, हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्रीमधल्या ‘रिझर्व्ह्ड-मेमरी’ या भागात पत्ता आणि आकार लिहितात. ‘नो-मॅप’ लिहिलं, तर कर्नल त्या जागेला हातही लावत नाही. ‘रीयूजेबल’ लिहिलं, तर डिव्हाइसला गरज नसेपर्यंत, हलवता येतील अशी पेजं तिथे ठेवायची मुभा कर्नलला राहते. हे जमतं सीएमए, म्हणजे कंटिग्युअस मेमरी अलोकेटरमुळे. ही सोय २०१२ साली लिनक्स ३.५ मध्ये आली. सीएमए मेमरी वाया जाऊ देत नाही, पण मागणीच्या क्षणी तिथली पेजं हलवावी लागतात आणि कधीकधी एखादं पेज हलतच नाही. चित्रं येऊ लागल्यावर सीएमएकडे हात पसरणं मला धोक्याचं वाटतं. ड्रायव्हर सुरू होतानाच, त्याच्या ‘प्रोब’मध्ये, चार चित्रांचे बफर मागून घ्यावेत आणि तेच चक्राकार वापरत राहावं. ५१२ एमबीच्या बोर्डावर ही सुमारे पाच टक्के मेमरी होते. वेळ चुकू नये म्हणून मोजलेली ही किंमत मला रास्त वाटते.

दोन गोष्टी मात्र सुटतात. काही एआरएम बोर्डांवर डीएमएची मेमरी कॅशविना मिळते, त्यामुळे प्रोसेसरने ती पुन्हापुन्हा वाचली तर काम रखडतं. कॅश ठेवायची, तर प्रत्येक चित्रानंतर ती डिव्हाइसशी जुळवून घ्यायची जबाबदारी ड्रायव्हरची. दुसरी गोष्ट चित्र तपासणाऱ्या प्रोग्रामची. त्यानेही सुरुवातीलाच ‘एमलॉकऑल’ करून आपली पेजं मेमरीत अडकवावीत, नाहीतर ड्रायव्हरने वाचवलेले मिलिसेकंद पेज फॉल्टमध्ये, म्हणजे मेमरीत नसलेलं पेज आणण्यात, जातील.