संगणकीय बुद्धिबळ : स्थितिशोध व वेगमापन

पटावरील एखाद्या स्थितीपासून पुढे संभवणाऱ्या चाली व प्रतिचाली क्रमाने तपासून त्यांतून उत्तम चाल निवडणे, हे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकीय आज्ञावलीचे मुख्य कार्य होय. या तपासणीस स्थितिशोध म्हणतात. दर सेकंदास किती स्थिती तपासल्या गेल्या, यावरून आज्ञावलीचा वेग सांगण्याची प्रथा आहे. हा आकडा सहज मिळतो व मोठा असल्याने छाप पाडतो. परंतु त्यावरून खेळाचे बळ ठरविणे बहुधा फसवे असते.

एका खेळाडूच्या एका खेळीस येथे अर्धचाल म्हटले आहे. डावाच्या आरंभी पांढऱ्यास २० खेळ्या उपलब्ध असतात; काळ्याच्या उत्तरानंतर ४००, तीन अर्धचालींनंतर ८,९०२, चार अर्धचालींनंतर १,९७,२८१ आणि सहा अर्धचालींनंतर ११,९०,६०,३२४ मार्ग होतात. या संख्या अचूक ठाऊक असल्यामुळे नव्या आज्ञावलीची पहिली परीक्षा त्यांवरच घेतात. आरंभीच्या व इतर निवडक स्थितींपासूनची मोजणी जुळली नाही, तर किल्लेकोट, प्याद्याची बढती यांसारखा एखादा नियम चुकीचा बसविला गेला आहे, असे समजते.

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या विषयाचा पाया घातला. एका स्थितीत सरासरी ३० खेळ्या धरल्या, तर ४० चालींच्या डावाचे संभाव्य प्रकार १ वर १२० शून्ये इतके होतात. त्यामुळे शोध काही अर्धचालींवर थांबवून तेथील स्थितीस गुण द्यावे लागतात. शॅनन यांनी वजिरास ९, हत्तीस ५, उंट व घोडा यांस प्रत्येकी ३ व प्याद्यास १ गुण दिला. प्याद्यांची रचना व मोहऱ्यांची हालचाल यांचाही त्यात विचार होता. आपल्या पाळीस सर्वाधिक व प्रतिपक्षाच्या पाळीस सर्वांत कमी गुणांची खेळी गृहीत धरून हे गुण मुळापर्यंत आणले जातात. सर्व खेळ्या तपासणे किंवा मोजक्याच निवडणे, असे दोन मार्ग शॅनन यांनी सांगितले होते. ॲलेक्स बर्नस्टाइन व सहकाऱ्यांच्या १९५७ च्या आज्ञावलीने दुसरा मार्ग घेतला. आयबीएम ७०४ संगणकावर ती प्रत्येक स्थितीत सातच खेळ्या चार अर्धचालींपर्यंत पाही. सुमारे २,८०० स्थितींस तिला आठ मिनिटे लागत, म्हणजे सेकंदास जेमतेम सहा.

शोधातील खरी बचत आल्फा-बीटा छाटणीने होते. एका खेळीने पांढऱ्यास एक प्यादे मिळते, असे ठरले आहे असे समजू. दुसरी खेळी तपासताना काळ्याच्या एकाच उत्तराने पांढऱ्याचा घोडा फुकट जातो, असे दिसले, की त्या खेळीवरील काळ्याची उरलेली उत्तरे पाहण्याचे कारण उरत नाही. ती खेळी किती वाईट आहे, हे कळले नाही तरी बिघडत नाही. संपूर्ण शोधाचे उत्तर व छाटणीनंतरचे उत्तर एकच येते. प्रत्येक स्थितीत ३० खेळ्या धरल्यास सहा अर्धचालींनंतर ७२,९०,००,००० शेवटच्या स्थिती येतात. सर्वोत्तम खेळी प्रत्येक वेळी प्रथम तपासली गेली, तर त्यांपैकी ५३,९९९ पुरतात. डोनल्ड क्नूथ व रॉनल्ड मूर यांनी १९७५ मध्ये या पद्धतीचे सविस्तर विश्लेषण केले. खेळ्यांचा क्रम चुकला, तर मात्र लाभ नाहीसा होत जातो. म्हणून आधी उथळ व मग एकेक अर्धचालीने खोल असा शोध घेतात, मारामारीच्या खेळ्या प्रथम पाहतात आणि निरनिराळ्या मार्गांनी पुन्हा उद्भवणाऱ्या स्थिती सारणीत नोंदवून ठेवतात.

ठरीव खोलीवर शोध तोडल्याने वेगळाच दोष उद्भवतो. अटळ हानी निरर्थक शह देऊन पुढे ढकलली, की ती शोधाच्या कक्षेबाहेर जाते व टळली असे आज्ञावलीस वाटते. हान्स बर्लिनर यांनी यास क्षितिज परिणाम हे नाव दिले. त्याचा उपद्रव कमी करण्यासाठी मारामारी संपून स्थिती शांत होईपर्यंत शोध लांबविण्यात येतो.

खास बांधलेल्या यंत्रांनी वेग झपाट्याने वाढला. १९८० मध्ये संगणकांचे जगज्जेतेपद मिळविणारे बेल प्रयोगशाळेचे ‘बेल’ हे यंत्र पुढे सेकंदास सुमारे १,६०,००० स्थिती तपासू लागले; १९९७ मध्ये गॅरी कास्पारॉव्ह यांना ३½–२½ असे हरविणारे ‘डीप ब्लू’ सुमारे २० कोटी.

तथापि ‘एक स्थिती’ कशास म्हणावे, याविषयी एकवाक्यता नाही. काही आज्ञावल्या पटावर केलेली प्रत्येक खेळी मोजतात, तर काही केवळ गुण दिलेल्या स्थिती. सारणीत आढळलेली स्थिती किंवा एक पाळी मुद्दाम सोडून केलेली तपासणी मोजावी की नाही, हेही रचनाकारच ठरवितो. अनेक प्रक्रियक एकाच वेळी चालविल्यास काही काम दोनदा होते व तेही आकड्यात भर घालते. एकाच आज्ञावलीची दोन यंत्रांवर तुलना करण्यास सेकंदी संख्या उपयोगी पडते. ठराविक खोली गाठण्यास लागणारा वेळ त्याहून बोलका असतो. भिन्न आज्ञावल्यांसाठी मात्र समान वेळेचे पुष्कळ डाव खेळविण्यास पर्याय नाही.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक हजार डावांच्या चाचणीत ‘आल्फाझीरो’ सेकंदास सुमारे ६०,००० स्थिती पाहत होती व प्रतिस्पर्धी ‘स्टॉकफिश’ सुमारे ६ कोटी. आल्फाझीरोने १५५ डाव जिंकले, ६ गमावले व बाकीचे बरोबरीत सुटले. २०२० मध्ये स्टॉकफिशमध्येही मूल्यमापनासाठी तंत्रिका जाल बसविण्यात आले. तिचा सेकंदी आकडा त्यामुळे घटला आणि बळ वाढले.