गेम आणि कोडिंग: कोणतं लिनक्स?

रायपूरच्या शंकर नगरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना एकाच लॅपटॉपवर कोडिंगही हवं असतं आणि गेमही. त्यांनी लिनक्स जरूर घ्यावं. गेम कंपनी वाल्व्हने 2018 मध्ये आपल्या 'स्टीम' या गेम-स्टोअरमध्ये 'प्रोटॉन' आणलं. विंडोजचा गेम डायरेक्टएक्सला ज्या आज्ञा देतो, त्या प्रोटॉन लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीच्या आज्ञांमध्ये बदलतं. म्हणून हजारो गेम लिनक्सवर चालतात. व्हॅलोरंट हा गेम मात्र चालत नाही. त्याची चीटिंग रोखणारी यंत्रणा थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसते.

मग लिनक्सचा कोणता प्रकार निवडावा? फेडोरात कर्नल आणि कंपायलर ताजे मिळतात, पण एका आवृत्तीला अपडेट्स साधारण 13 महिनेच. उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट्स मिळणाऱ्या आवृत्तीला 5 वर्षं. एनव्हिडियाचा ड्रायव्हरही उबुंटूत सहज बसतो, म्हणून परीक्षा आणि प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांना मी तेच सुचवेन. आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय तपासा, आणि बॅकअप घेतल्याशिवाय इन्स्टॉल करू नका.