तमाशाचा फड नेमका कोण चालवतं? सुपारी ठरवण्याआधी यात्रा कमिटीनं समजून घ्या

गावची यात्रा जवळ आली की पारावर पहिला प्रश्न निघतो, "यंदा फड कुणाचा?" पोस्टरवर नाव एकाचंच असतं, त्यामुळं आपल्याला वाटतं की सगळा कारभार त्या एकाच माणसाचा. पण मोठा तंबूचा फड म्हणजे शंभर-सव्वाशे माणसांचं फिरतं थिएटर असतं. ट्रक, जनरेटर, स्टेज, स्वयंपाक सगळं सोबत. ते चालवायला चार-पाच जणांचा कारभार लागतो, आणि त्यात आपलं गावही नकळत सामील असतं. कसं, ते बघू.

मालक किंवा मालकीण

फडाची जबाबदारी यांच्या डोक्यावर. कलाकार जमवणं, वग निवडणं, तालमी लावणं, गाड्या आणि तंबू उभा करणं, कर्ज काढणं आणि फेडणं, सगळं यांच्याकडं. हे काम फक्त पुरुषांचं नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे या बायकांनी फड नावारूपाला आणले. बाई बोर्डावर नाचायची आणि खाली उतरून हिशोबही बघायची.

मॅनेजर

गावाशी बोलणारा माणूस हा. तारीख देणं, इसार घेणं, पावती करणं, पोलीस ठाण्याची परवानगी, उद्याचा मुक्काम कुठं, गाडी कोणत्या रस्त्यानं, हे सगळं तो बघतो. चैत्रात एका गावातला खेळ संपला की दुसऱ्या दिवशी दुसरं गाव असतं. मॅनेजरची एक तारीख चुकली तर दोन गावांत भांडण लागतं.

सरदार, सोंगाड्या, ढोलकीवाला

बोर्डावरचा कारभार यांच्या हातात. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग, हा क्रम आपल्याला माहीत आहे. पण कुठला भाग किती ताणायचा हे त्या रात्रीच ठरतं. पब्लिक कंटाळलं की सोंगाड्याला आधी कळतं, तो दोन वाक्यांत रंग बदलतो. ढोलकीवाल्याचा हात ढिला पडला तर नाचणारीचा पाय अडखळतो. त्यामुळं चांगला सोंगाड्या आणि चांगला ढोलकीवाला टिकवणं हे मालकाचं मोठं काम असतं.

बिगारी, वायरमन, आचारी

यांचं नाव कधी पोस्टरवर येत नाही. तंबू ठोकणं, स्टेज बांधणं, लाईट-माईक, रात्री उशिरा खेळ संपल्यावर सगळं उपसून परत गाडीत भरणं, हे यांचं काम. आचारी नसला तर शंभर माणसं उपाशी. एक खेळ वेळेवर सुरू झाला म्हणजे या लोकांनी दिवसभर घाम गाळला, असं समजायचं.

पैशाचं चक्र कसं फिरतं

हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या आसपास संपतो. पावसाळ्यात कमाई नाही. पण कलाकारांना हंगामाआधी उचल द्यावीच लागते, नाहीतर ते दुसऱ्या फडात जातात. गाड्यांची दुरुस्ती, नवीन कपडे, तालमीचा खर्च हेही त्याच वेळी. मालक हे पैसे बहुतेक वेळा उसने किंवा व्याजानं आणतो. म्हणजे पहिला खेळ व्हायच्या आधीच फड कर्जात असतो.

पुढं कमाई दोन टप्प्यांत होते. आधी तंबूचे खेळ, तिकीट लावून. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेसारख्या ठिकाणी मोठे फड उतरतात. त्यानंतर चैत्रातल्या गावोगावच्या यात्रा. तिथं तिकीट नसतं, गाव वर्गणीतून सुपारी देतं. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात त्यासाठी फडांच्या राहुट्या लागतात आणि पाडव्याच्या सुमारास गावोगावचे पंच तिथं सुपारी ठरवायला येतात. शेतकऱ्याचं पीक जसं एका हंगामावर, तसं फडाचं वर्ष या थोड्या आठवड्यांवर.

हे पीक गेलं तर काय होतं ते 2020 साली सगळ्यांनी बघितलं. त्या वर्षी पाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झाला. यात्रा बंद झाल्या, सुपाऱ्या गेल्या, पण घेतलेलं कर्ज तसंच राहिलं. 2021 ची यात्राही तशीच गेली.

नाव मोठं असलं म्हणजे पैसा असतोच, असंही नाही. विठाबाईंना 1957 आणि 1990 असा दोनदा राष्ट्रपतींकडून गौरव मिळाला. तरी शेवटची वर्षं त्यांनी ओढाताणीत काढली. 2002 मध्ये त्या गेल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावानं दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देतं.

गावाचा वाटा

सुपारीच्या खेळात जागा गावाची, परवानगीचा अर्ज गावाचा, बंदोबस्त गावाचा आणि पैसाही गावाचा. म्हणजे त्या एका रात्रीपुरती यात्रा कमिटीही फडाच्या कारभारात असते. भांडणं कुठं होतात? ठरलेलं तोंडी असतं तिथं. अवकाळी आला, खेळ अर्ध्यात थांबला, आता राहिलेले पैसे द्यायचे का नाही? कमिटी म्हणते खेळ झालाच नाही, मालक म्हणतो गाड्या तर आल्या, माणसं तर जेवली. दोघांचंही खरं असतं.

म्हणून सुपारी ठरवतानाच एका कागदावर एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात:

- तारीख, खेळ सुरू होण्याची वेळ, आणि दुसऱ्या दिवशी हजेरी आहे की नाही.
- एकूण रक्कम, इसार किती, बाकी कधी द्यायची. खेळ संपल्यावर लगेच दिलेली बरी, कारण फडाला पुढच्या गावचं डिझेल त्यातूनच भरायचं असतं.
- पाऊस, गावात मयत किंवा परवानगी नाकारली तर काय. दुसरी तारीख की ठरावीक रक्कम, हे आधीच ठरवा.
- पाणी, वीज, आणि बायकांना कपडे बदलायला आडोशाची जागा व संडास. हे कुणी मागत नाही, पण द्यायला पाहिजे.
- स्टेजजवळ कोण थांबणार. दारू पिऊन बोर्डावर चढणाऱ्याला आवरायचं काम गावाचं, फडाचं नाही.

वेळेचंही लक्षात ठेवा. रात्री 10 नंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सणा-उत्सवासाठी 12 वाजेपर्यंत सूट देता येते आणि ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. आपली यात्रा त्यात बसते का, हे आधी पोलीस ठाण्यात विचारा. बसत नसेल तर खेळ संध्याकाळी लवकर सुरू करायचं ठरवा, नाहीतर वग रंगात आला की माईक बंद होतो.

सुपारीत घासाघीस होणारच, तो व्यवहार आहे. फक्त पाच हजार कमी करताना एवढं बघावं की ते एकट्या मालकाच्या खिशातून जात नाहीत. ढोलकीवाला, आचारी आणि तंबू ठोकणारा पोरगा, सगळ्यांच्या वाट्यातून जातात.