टोपीची नाडी आणि खरं मस्टर

"मॅडम, तुमच्याकडे सर्टिफिकेट्स कोणकोणती आहेत?"

मुंबईच्या एका बाइंग हाउसमधून आलेला तो फोन मला आजही आठवतो. २०१८ सालचा श्रावण होता. इचलकरंजीत आमचं अठरा मशीनचं शिलाई युनिट सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. सासऱ्यांचे माग, त्यामुळे कापडाची पारख घरातच होती. शिवणकाम मात्र माझं. गावातल्या आणि कोल्हापूरच्या दुकानांसाठी आम्ही लहान मुलांची झबली, टोपडी, फ्रॉक शिवायचो. आता युरोपातली एक कंपनी आमच्याकडून कपडे घेणार, म्हणून मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, "शॉप अ‍ॅक्ट आहे, जीएसटी आहे, उद्योग आधार आहे!"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्या बाई हळूच म्हणाल्या, "मी मेल पाठवते."

मेल दोन पानांचा होता. ओईको-टेक्स, रीच, गॉट्स, सेडेक्स, नीडल पॉलिसी... मी वाचून दाखवलं तसे हे म्हणाले, "हे कपड्याचं आहे की औषधाचं?" खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं.

आपल्या सरकारचे कागद त्यामानानं फारच सोपे निघाले. आयात-निर्यातीचा आयईसी नंबर डीजीएफटीच्या साइटवर घरबसल्या मिळतो, फी पाचशे रुपये. तो दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन अपडेट करायचा असतो, ते मात्र विसरू नका. तयार कपड्यांच्या निर्यात परिषदेची, म्हणजे एईपीसीची नोंदणी केली आणि ती बाजू संपली. खरी परीक्षा पुढे होती. त्या दोन पानांची मी शेवटी वहीत दोन भागांत वाटणी केली. एका बाजूला 'कपड्यात काय आहे' आणि दुसऱ्या बाजूला 'कपडा कुणी, कसा शिवला'.

पहिल्या भागात मी तोंडावर आपटले ते एका नाडीपायी.

दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी टोपीचं जॅकेट करायचं होतं. मी हौसेनं टोपीला नाडी घातली, नाडीच्या टोकांना लाल गोंडे. नमुना पाठवला. दिवस कमी होते, म्हणून मंजुरीची वाट न बघता तीनशे नग कापून शिवायलाही घेतले. (हे कधीही करू नका.) आठव्या दिवशी निरोप आला: नमुना नामंजूर. कारण एकच, ईएन १४६८२. युरोपात लहान मुलांच्या कपड्यांच्या दोऱ्या-नाड्यांसाठी हे प्रमाण आहे. सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्याला टोपीपाशी किंवा गळ्यापाशी नाडी नकोच. गोंडा नको, गाठ नको, काही नको. घसरगुंडीवरून येताना नाडी फटीत अडकते, वाहनाच्या दारात अडकते आणि गळ्याला फास बसतो. तिकडे मुलं अशी गेलेली आहेत, त्यातून हा नियम आला.

रात्री जागून तीनशे टोप्या उसवल्या. नाडीसाठी पाडलेली काजं बुजेनात, म्हणून टोप्या नव्यानं कापल्या. त्या महिन्यात माझ्या हातात काहीच उरलं नाही. उसवता उसवता आमच्या चेकर मावशी म्हणाल्या, "वैनी, तिकडच्या पोरांच्या गळ्याला फास लागतुया, मग आपल्या पोरांच्या लागत न्हाई व्हय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून आमच्याकडे गावातल्या दुकानांसाठीसुद्धा लहान मुलांच्या टोपीला नाडी लागत नाही. एका दुकानदारानं कुरकुर केली, करू दे.

रंगाचं प्रकरण याहून जुनं आहे. काही अझो रंगांतून अंगाला अपायकारक, कर्करोगाला कारण होऊ शकणारे घटक सुटतात. जर्मनीनं १९९४ साली त्यावर बंदीचा कायदा केला, तेव्हा आपल्याकडच्या निर्यातदारांची चांगलीच धावपळ उडाली होती. आपल्या सरकारनंही नव्वदच्या दशकात अशा ११२ रंगांवर बंदी घातली. पुढे २००२ साली युरोपीय संघानं सगळ्या सदस्य देशांसाठी नियम केला आणि आता तो 'रीच' नावाच्या रसायनांच्या कायद्यात आहे. असे २२ घटक आहेत, आणि कुठलाही एक किलोभर कापडात तीस मिलिग्रॅमच्या वर सापडला की माल बाद. टिच बटणातल्या निकेलचंही तसंच, कारण त्यानं अंगाला खाज सुटते. शिवाय बटण ठरावीक जोरानं ओढून बघतात. बाळाच्या तोंडात जाईल ना!

आता रंग काही मी करत नाही, प्रोसेसवाला करतो. मग विचारायचं त्याला. मी विचारलं, त्यानं छान रंगीत सर्टिफिकेट दाखवलं. मी खूष. मुंबईच्या त्या बाईंनी मात्र फोनवर तीन प्रश्न विचारले: नाव कुणाचं आहे, कुठल्या मालासाठी आहे आणि तारीख काय आहे? बघते तर नाव दुसऱ्याच कंपनीचं, माल टॉवेलचा आणि मुदत संपून सात महिने झालेले! ओईको-टेक्सचं सर्टिफिकेट एक वर्षाचंच असतं. त्यावर नंबर असतो, तो त्यांच्या साइटवर घालून कुणालाही तपासता येतो. त्यात चार वर्ग असतात आणि तीन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या कपड्यांचा पहिला वर्ग सगळ्यांत कडक. दुसरा प्रोसेसवाला शोधायला मला दीड महिना लागला. तो मीटरमागे जास्त घेतो, पण सांडपाणी कुठं जातं हे तो मला नेऊन दाखवू शकला. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या बाईला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

'ऑर्गॅनिक' म्हणून विकायचं असेल तर गॉट्स लागतं. तिथं कपड्यात निदान सत्तर टक्के सेंद्रिय धागा असावा लागतो, आणि नुसतं 'ऑर्गॅनिक' लिहायचं तर पंचाण्णव. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सूत विकणाऱ्याकडे सर्टिफिकेट असलं म्हणजे तुमच्या हातातलं सूत सेंद्रिय ठरत नाही. ते त्याच्या कारखान्याचं असतं. त्या विशिष्ट मालासोबत वेगळं ट्रॅन्झॅक्शन सर्टिफिकेट यावं लागतं. कापसापासून शिवलेल्या कपड्यापर्यंत प्रत्येक विक्रीला एक, अशी साखळी. आणि ती साखळीही खोटी करणारे आहेतच. २०२० साली गॉट्सनंच जाहीर केलं की भारतात सुमारे २०,००० टन कापसासाठी बनावट कागद वापरले गेले. हे वाचलं आणि मी ऑर्गॅनिकचा नाद सध्या बाजूला ठेवला.

आता वहीचा दुसरा भाग.

ऑडिट ठरलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. 'स्मेटा' म्हणतात त्याला. ऐकून आश्चर्य वाटेल, पण यात पास-नापास नसतं आणि सर्टिफिकेटही मिळत नाही. ऑडिटर येतो, पगारपत्रकं, हजेरी, वयाचे दाखले बघतो, युनिट फिरून बघतो, बायकांशी एकटं बोलतो. चुकांची यादी आणि सुधारायची मुदत यांचा अहवाल होतो, तो खरेदीदार वाचतो.

ऑडिटच्या तयारीसाठी एक कन्सल्टंट आला. गोड बोलणारा, अनुभवी. मस्टर चाळलं आणि म्हणाला, "हे चालणार नाही. दुसरं बनवू. रोज नऊ ते सहा, रविवार सुट्टी, ओव्हरटाइम नाही. बायकांना काय बोलायचं ते मी शिकवतो. सगळेच करतात, मॅडम."

खरं मस्टर कसं होतं? सणाच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या बायका रात्री नऊपर्यंत बसायच्या. नगावर पैसे, त्यामुळे जास्त नग तर जास्त पैसे, असा साधा हिशेब. त्या खूष, मी खूष. ओव्हरटाइमचा दर दुप्पट द्यावा लागतो आणि नगावर काम असलं तरी किमान वेतनाच्या खाली जाता येत नाही, हे मला कागदावर माहीत होतं. हाताखालच्या बाईला ते लागू आहे, हे मी मनावर घेतलं नव्हतं. पीएफ वीस माणसांपासून लागतो. आम्ही चोवीस होतो आणि मी 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत होते.

दुसरं मस्टर करायला मी जवळजवळ तयार झाले होते, हे कबूल करते. पण बायकांना गोळा करून कन्सल्टंट शिकवू लागला, तशा मावशी उठून माझ्याकडे आल्या. "वैनी, खोटं बोलायचं असंल तर मला त्या दिवशी सुट्टी द्या. माझ्या तोंडावर दिसतंय सगळं."

त्याच आठवड्यात मी कराचीच्या आगीबद्दल वाचत होते. ११ सप्टेंबर २०१२ ला तिथल्या एका कपड्याच्या कारखान्यात अडीचशेच्या वर कामगार गेले. खिडक्यांना गज, बाहेर पडायची दारं बंद. आणि काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्याला एसए ८००० हे कामगारांच्या सुरक्षेचं नावाजलेलं सर्टिफिकेट मिळालं होतं! पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, ११३४ माणसं गेली. भिंतीला भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. तिथल्या काही कारखान्यांचीही ऑडिटं झालेली होती.

मी उठून आमच्या मागच्या दाराशी गेले. दाराला बाहेरून कुलूप. माल चोरीला जाऊ नये म्हणून मीच लावलेलं. आतून दारापाशी कापडाचे तागे रचलेले. किल्ली कुठं आहे ते आठवायलाच मला पाच मिनिटं लागली.

कन्सल्टंटची फी दिली आणि त्याला निरोप दिला. मस्टर होतं तेच ठेवलं.

ऑडिटला बेंगळुरूहून तिशीतली एक मुलगी आली. तिनं संडासाच्या कड्या बघितल्या, प्यायच्या पाण्याचा रिपोर्ट मागितला, प्रथमोपचाराच्या पेटीतल्या औषधांच्या तारखा वाचल्या. तुटलेल्या सुयांचं रजिस्टर तिला आवडलं. सुई मोडली की सगळे तुकडे शोधून वहीत चिकटवायचे, तारीख-वेळ लिहायची आणि मगच नवी सुई. एखादा तुकडा सापडला नाही तर त्या मशीनजवळचा सगळा माल तपासायचा, अशी पद्धत असते. हे काम मावशींकडे होतं. एका हेल्पर मुलीच्या वयाचा कागदच नव्हता. ती एकोणीसची आहे हे मला माहीत होतं, पण माझ्या माहितीला काय किंमत? अंतर्गत समितीबद्दल विचारलं तर मी गप्प. दहा माणसांपासून ती नेमणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे, आणि बायकाच बायका असलेल्या ठिकाणी तिची काय गरज, असं मी धरून चालले होते. कटिंग मास्तर, प्रेसवाला, टेंपोवाला ही सगळी पुरुष माणसंच की!

अहवालात चौदा चुका. ओव्हरटाइमची सगळ्यांत वर. खरेदीदारानं ऑर्डर सरळ अडीच महिने पुढे ढकलली आणि उन्हाळ्याचा सीझन हातचा गेला. घरी बोलणी बसली. "सगळे करतात तेच केलं असतंस तर?" असं हे एकदाच म्हणाले, पण म्हणाले.

आणि गंमत म्हणजे सुधारणा सुरू केल्या तेव्हा बायकाही माझ्यावर नाराज झाल्या. आठला मशीन बंद म्हणजे नग कमी. पीएफ कापला म्हणजे हातात पैसे कमी. दोघीजणी दुसऱ्या युनिटला निघून गेल्या, तिथं काही कापत नव्हते. त्यांना मी दोष देत नाही. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेला डबे रिकामे होतात, तिथं म्हातारपणचा पीएफ कुणाला दिसणार?

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. ऑडिटची फी मी भरली, कापडाच्या टेस्टचे पैसे मी दिले, नवं दार मी पाडलं आणि दर मात्र आधीचाच! मी नगामागे नऊ रुपये वाढवून मागितले. उत्तर आलं की बांगलादेशात याहून स्वस्त मिळतं. पुष्कळ घासाघीस होऊन चार रुपये मिळाले. एक फायदा नंतर कळला: तोच अहवाल सेडेक्सवर दुसऱ्या खरेदीदारालाही दाखवता येतो, प्रत्येकासाठी नवं ऑडिट लागतंच असं नाही. हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठादारांकडच्या कामगारांची काळजी घेण्याचा कायदा आहे. मी आता दराच्या बोलण्यात त्या कायद्याचं नाव काढते. तुमच्यावर जबाबदारी आहे ना, मग खर्चात वाटा घ्या. कधी ऐकतात, कधी नाही.

ऑनलाइन साइटवरून दोन-चार भरतकामाचे कुर्ते परदेशी पाठवणाऱ्या मैत्रिणींसाठी एक सांगून ठेवते. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात माल विकायचा तर तिथली एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था लागते आणि तिचं नाव-पत्ता मालावर हवा. धाग्याचं प्रमाणही लेबलवर त्या त्या देशाच्या भाषेत. पार्सल पाठवण्याआधी साइटवाल्यांना हे विचारा.

आम्ही आता एकतीसजणी आहोत. मागचं दार आतून नुसतं ढकललं की उघडतं. मागच्या वर्षी मावशींचं गर्भपिशवीचं ऑपरेशन ईएसआयच्या कार्डावर झालं, रजेचे पैसेही मिळाले. कामावर परतल्या त्या दिवशी त्यांनी आधी सुयांचं रजिस्टर मागवलं. त्यांच्या गैरहजेरीत चार सुया मोडल्या होत्या आणि एकीचं टोक वहीत नव्हतं. मला काही न विचारता त्यांनी तो अख्खा लॉट पुन्हा टेबलावर घेतला.