चाचणी कोणाची, खुलासा कोणाचा?

ठाणे / प्रतिनिधी

घोडबंदर मार्गावरील मानपाडा नाक्यावर रात्र झाली की मालट्रक आणि कंटेनर यांची वर्दळ वाढते. बंदरातून आणि नाशिककडून निघालेला माल याच रस्त्याने गुजरातकडे जातो. दुसरा मानपाडा डोंबिवलीत, कल्याण-शीळ रस्त्यालगत. त्याच्या एका अंगाला औद्योगिक वसाहत आहे, तर दुसऱ्या अंगाला सतत नव्या इमारती उभ्या राहत आहेत. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. घरापासून महिनोन्महिने दूर राहणारे हजारो पुरुष येथे येतात, राबतात आणि परत गावी जातात. एड्स नियंत्रणाच्या परिभाषेत ट्रकचालक व स्थलांतरित कामगार यांना 'दुवा ठरणारे गट' म्हटले जाते. देहविक्रय करणारी स्त्री आणि गावाकडे असलेली पत्नी या एकमेकींना कधीही न पाहिलेल्या दोघींमधला हा दुवा आहे.

लैंगिक आजारांची चर्चा निघाली की बोट मात्र यांपैकी पहिल्या स्त्रीकडेच दाखविले जाते. तिची तपासणी झाली आहे का, तिच्याजवळ 'निरोगी' असल्याचा कागद आहे का, असे विचारले जाते. ग्राहकाची तपासणी झाली आहे का, असे सहसा कोणी विचारीत नाही. तपासणी कोणी करावी, तिचा निष्कर्ष कोणाला कळावा आणि तो सांगण्याचे बंधन कोणावर, या प्रश्नांना आज कायद्याने बऱ्यापैकी स्पष्ट उत्तरे दिलेली आहेत. ती फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

कागद काय सांगतो, काय सांगत नाही

प्रथम चाचणीचे स्वरूप पाहू. एचआयव्हीच्या नेहमीच्या चाचणीत विषाणू शोधला जात नाही. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधली जातात. ती तयार होण्यास काही आठवडे लागतात, क्वचित तीन महिनेही लागतात. या काळात संसर्ग झालेला असूनही अहवाल 'निगेटिव्ह' येतो. किंबहुना संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण फार मोठे असते आणि याच वेळी इतरांना लागण होण्याची शक्यताही अधिक असते. म्हणजे कालचा स्वच्छ अहवाल आजची हमी देत नाही.

याउलट 'पॉझिटिव्ह' हा शब्दही एका चाचणीवर उच्चारला जात नाही. कोणतीही लक्षणे नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या संचांवर निष्कर्ष जुळल्यानंतरच निदान निश्चित मानले जाते. वस्तीत किंवा रस्त्याकडेच्या शिबिरात बोटाला टोचून केलेली तपासणी ही केवळ प्राथमिक पायरी असते.

इतर आजारांचे वर्तन आणखी फसवे आहे. उपदंशाची पहिली जखम साधारण तीन आठवड्यांनी उमटते, ती दुखत नाही आणि उपचाराविना आपोआप भरूनही येते. रुग्णाला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात आजार रक्तात मुरलेला असतो. परमा झालेल्या पुरुषाला दोन-चार दिवसांत लघवीची जळजळ जाणवते, परंतु अनेक स्त्रियांमध्ये त्याची काहीच लक्षणे दिसत नाहीत. त्यामुळे 'दिसायला ठीक आहे' या कसोटीला वैद्यकीयदृष्ट्या काहीही अर्थ उरत नाही. ही कसोटी ग्राहक लावो, नाहीतर ती स्त्री लावो.

दीडशे वर्षांपूर्वीचा प्रयोग

केवळ स्त्रियांना तपासून आजार आटोक्यात आणण्याचा प्रयत्न आपल्याकडे पूर्वीच होऊन गेला आहे. सैनिकांमधील गुप्तरोगांच्या चिंतेने ब्रिटिश सरकारने १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आणला. वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी नाव नोंदवायचे, ठरावीक मुदतीने सक्तीने तपासून घ्यायचे आणि आजार आढळल्यास 'लॉक हॉस्पिटल'मध्ये बंदिस्त राहायचे, अशी ती व्यवस्था होती. मुंबईतही तो लागू झाला. ग्राहकांना मात्र त्याने हात लावला नाही. परिणामी स्त्रिया नोंदणी चुकवू लागल्या, लपून राहू लागल्या. अखेर १८८८ मध्ये हा कायदा रद्द झाला.

पुढे र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून गुप्तरोगांविषयी नीतीची भाषा बाजूला ठेवून आरोग्याच्या भाषेत लिहिण्याचा पायंडा पाडला. त्यासाठी त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले. तरीही सक्तीची वृत्ती गेली नाही. १९८६ मध्ये चेन्नईत देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्तात एचआयव्ही आढळला आणि भारतातील संसर्गाची पहिली नोंद झाली. तेव्हापासून या आजारावर जणू त्यांचाच शिक्का बसला. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतील वेश्यावस्त्यांवर छापे घालून चारशेहून अधिक स्त्रिया व मुलींना ताब्यात घेण्यात आले. त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. एचआयव्हीच्या भीतीपायी त्यांना परत घेण्यास त्यांचा देशही लवकर तयार होईना. शेवटी तेथील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला.

विश्वासाचा मार्ग

याच दशकात वेगळा मार्गही दिसू लागला होता. कोलकात्याच्या सोनागाचीत १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी वस्तीतील स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या केले. सांगलीत त्याच वर्षी 'संग्राम' संस्थेचे काम सुरू झाले आणि १९९६ मध्ये तेथील स्त्रियांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. पुण्याच्या बुधवार पेठेत 'सहेली संघ' आला. निरोध वाटायचा, तपासणीला सोबत न्यायचे, डॉक्टरांनी हिडीसफिडीस केली तर जाब विचारायचा, ही कामे त्या स्वतः करू लागल्या. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे 'नॅको'ने, पुढे हीच पद्धत देशभर स्वीकारली. या उपक्रमांतील स्त्रियांनी दर तीन महिन्यांनी आरोग्य तपासणी आणि वर्षातून दोनदा एचआयव्ही व उपदंशाची चाचणी करून घ्यावी, असा प्रघात आहे.

मुंबईच्या वेश्यावस्त्यांत १९९० च्या दशकात तपासलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास बाधित आढळत. आज या व्यवसायातील स्त्रियांमधील संसर्गाचे देशपातळीवरील प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आहे. दोन आकडे वेगवेगळ्या व्याप्तीचे असल्याने त्यांची काटेकोर तुलना करता येत नाही. तरी घसरणीची दिशा निःसंशय आहे. व्यवसायाचे स्वरूप मात्र बदलले. ठरावीक वस्त्या आक्रसल्या. भाड्याची खोली, लॉज, महामार्ग आणि मोबाईल यांवर तो विखुरला. वस्तीत एका हाकेसरशी जमणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचणे सोपे होते. इमारतीतल्या सदनिकेत राहून, शेजाऱ्यांना वेगळीच नोकरी सांगणाऱ्या स्त्रीपर्यंत आरोग्यसेविका पोहोचणार कशी? आणि तिच्या ग्राहकाची तर नोंदच कोठे नसते.

संमतीवाचून चाचणी नाही

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संसदेने २०१७ मध्ये संमत केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. माहितीपूर्ण संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्ही चाचणी करता येणार नाही, हे त्याचे पहिले सूत्र. चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर समुपदेशन त्यात अभिप्रेत आहे. रक्तदानातील तपासणी किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. नोकरी, शिक्षण वा उपचार देण्यासाठी चाचणीची अट घालण्यास मनाई आहे.

येथे एक विसंगतीही आहे. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार छाप्यात सोडविलेल्या व्यक्तीची लैंगिक आजारांसाठी वैद्यकीय तपासणी करण्याची तरतूद १९८६ च्या दुरुस्तीपासून आहे. छाप्यात सापडलेल्या ग्राहकाविषयी अशी तरतूद नाही. तपासणीची जबाबदारी एकाच बाजूला टाकण्याची १८६८ ची सवय अशी कागदावर टिकून आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव करमास्कर प्रकरणात दिलेल्या निर्देशांनी काही दिलासा दिला. निरोध बाळगणे हा देहविक्रयाचा पुरावा मानू नये, सज्ञान व स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना त्रास देऊ नये, छाप्याच्या बातम्यांत त्यांची ओळख उघड करू नये, असे न्यायालयाने बजावले. पिशवीत निरोध सापडला तर पोलीस पकडतील, ही भीती ज्या स्त्रीला आहे ती निरोध जवळ ठेवणारच नाही. त्यामुळे या निर्देशाचा संबंध थेट आरोग्याशी आहे.

सांगायचे कोणी, कोणाला?

खुलाशाचा प्रश्न सर्वांत नाजूक. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. रुग्णालयातून एचआयव्हीची माहिती बाहेर गेल्याने एका व्यक्तीचा ठरलेला विवाह मोडला होता. नियोजित वधूला धोका असल्याने गोपनीयतेचा भंग झाला नाही, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय बाधित व्यक्तीच्या विवाहाच्या हक्कावरही भाष्य केले. २००२ मध्ये मोठ्या पीठाने विवाहाविषयीचे ते भाष्य अनावश्यक होते, असे स्पष्ट केले.

२०१७ च्या कायद्याने या बाबतीत पायऱ्या आखून दिल्या. स्वतःची एचआयव्ही स्थिती उघड करण्याची सक्ती न्यायालयाच्या आदेशाखेरीज कोणावर करता येत नाही. मात्र ज्याला आपल्या संसर्गाची माहिती आहे आणि ज्याचे समुपदेशन झाले आहे, त्याने दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून वाजवी खबरदारी घेतलीच पाहिजे. ही खबरदारी निरोधासारखी धोका कमी करणारी साधने वापरून घेता येते किंवा संबंधापूर्वी माहिती देऊन. हे बंधन ग्राहक आणि देहविक्रय करणारी स्त्री या दोघांनाही सारखेच लागू आहे. माहिती दिल्यास हिंसा, परित्याग किंवा गंभीर हानी होण्याची रास्त भीती असेल, तर स्त्रीला यातून सूट आहे. निव्वळ हलगर्जीपणाने वा दुष्ट हेतूने संसर्ग पसरविणे हा सर्वसाधारण फौजदारी कायद्यानुसारही गुन्हा आहे.

ट्रकचालकाचे उदाहरण घेऊ. त्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला आणि पत्नीला सांगण्यास तो तयार नाही. अशा वेळी डॉक्टर किंवा समुपदेशक पत्नीला सांगू शकतात. पण चार अटींवर. पत्नीला संसर्गाचा मोठा धोका असल्याचे त्यांना वाटले पाहिजे, पतीने स्वतः सांगावे यासाठी त्याचे समुपदेशन झालेले असले पाहिजे, तरीही तो सांगणार नाही अशी त्यांची खात्री झाली पाहिजे आणि आपण सांगणार आहोत हे त्याला आधी कळविले पाहिजे. मग पत्नीला समक्ष बोलावून, तिचेही समुपदेशन करूनच ही गोष्ट सांगायची. फोनवरून, शेजाऱ्यामार्फत वा पाकिटातून नव्हे. बाधित व्यक्ती स्त्री असेल आणि खुलाशाने तिच्या जिवावर बेतणार असेल, तर जोडीदाराला सांगू नये, असेही कायदा म्हणतो.

औषधाने बदललेले चित्र

चाचणी टाळण्यामागे भीती असते आणि ती बरीचशी जुन्या काळातील आहे. मोफत एआरटी औषधे सरकारने १ एप्रिल २००४ पासून सुरू केली. २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. औषध नियमित घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके खाली राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले आहे. म्हणजे आपली स्थिती ठाऊक असलेली आणि औषध घेणारी व्यक्ती ही कधीही न तपासलेल्या व्यक्तीपेक्षा अधिक सुरक्षित असू शकते. निरोध फाटल्यास किंवा बळजबरी झाल्यास ७२ तासांच्या आत सुरू करावयाचा २८ दिवसांचा प्रतिबंधक औषधोपचारही उपलब्ध आहे. तेथे प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

सरकारी व महापालिका रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' आहेत. तेथे लक्षणांनुसार रंगीत संचांतून औषधे मिळतात आणि जोडीदारालाही उपचार घेण्यास सांगितले जाते; एकाने घेतले आणि दुसऱ्याने टाळले तर आजार फिरून परत येतो. १०९७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगता माहिती विचारता येते.

देहविक्रय करणाऱ्या स्त्रीच्या दारापर्यंत आरोग्यसेवा थोडीफार पोहोचली आहे. तिच्याकडे येणारा पुरुष अजून या साखळीबाहेरच आहे. त्याने दुसऱ्याचा कागद मागण्याऐवजी स्वतः रांगेत उभे राहायचे ठरविले, तर त्याचा लाभ सर्वांत आधी मानपाड्यापासून शेकडो मैल दूर, त्याची वाट पाहणाऱ्या घराला होईल.